ड्रोन उडवा, पण नजरेच्या टप्प्यात!

लग्न ठरलं की याद्या सुरू होतात. हॉल, आचारी, भटजी, बँडवाला, मेंदीवाली, आणि हल्ली त्यात आणखी एका नावाची भर पडली आहे, ती म्हणजे ड्रोनवाला. डहाणू म्हणा, बोर्डी म्हणा, की तलासरीच्या आतल्या बाजूचं एखादं गाव म्हणा, वरात वरून टिपल्याशिवाय लग्नाची हौस पुरी होत नाही. घूं घूं आवाज आला की नवऱ्यामुलासकट सगळे माना वर करतात. मुलं हात हलवतात, आजीबाई पदर सावरतात.

पण मैत्रिणींनो, मला एक सांगा. तुमच्या घरच्या कार्यात ड्रोन उडवणारा मुलगा कुठे बघत होता? वर आकाशात, की हातातल्या पडद्यावर?

बहुतेक जणींचं उत्तर मला ठाऊक आहे. तो पडद्यावर बघत होता, आणि त्याच्याभोवती चार काकामंडळीही त्याच पडद्यात डोकावत होती. वरच्या यंत्राकडे बघायला कुणीच नव्हतं. जगभरच्या ड्रोनच्या नियमांमध्ये जो पहिला धडा असतो, तो नेमका इथेच मोडला जातो. तो धडा असा की, ड्रोन उडवणाऱ्याला त्याचा ड्रोन पूर्ण वेळ स्वतःच्या डोळ्यांनी दिसत राहिला पाहिजे. चष्मा असेल तर चालेल, दुर्बीण चालणार नाही. पडद्यावर दिसणारं चित्र तर मुळीच धरायचं नाही, कारण ते चित्र ड्रोनला काय दिसतं ते दाखवतं. ड्रोन कुठे आहे आणि त्याच्या मागून काय येतंय, ते दाखवत नाही.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १ डिसेंबर २०१८ पासून जे नियम लागू केले, त्यांत हे अगदी स्पष्ट होतं: ड्रोन उडवायचा तो दिवसा, नजरेच्या टप्प्यात आणि ४०० फुटांच्या आत. पुढे २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले. त्यांनी फॉर्म, फिया, परवानग्यांचं ओझं पुष्कळ हलकं केलं. पण हौसेने किंवा शिकण्यासाठी उडवायच्या नमुना ड्रोनची व्याख्या करताना ‘नजरेच्या टप्प्यात उडवला जाणारा’ ही अट त्या व्याख्येतच घालून ठेवली. कागद कमी झाले, डोळे मात्र उघडे ठेवायचेच!

चारशे फूट म्हणजे किती, हे डहाणूकरणींना सांगणं सोपं आहे. आपल्या थर्मल पॉवरची ती उंच चिमणी सुमारे २७५ मीटरची आहे. चारशे फूट म्हणजे १२० मीटर. चिमणीच्या निम्म्यालाही पोचत नाही. वाडीतला जुना उंच नारळ वीस-पंचवीस मीटरचा. म्हणजे नारळाच्या शेंड्यापासून चिमणीच्या कमरेच्याही खाली, एवढंच आकाश ड्रोनच्या वाट्याला आलेलं आहे. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तर २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. सरकारने ‘डिजिटल स्काय’ नावाचा नकाशा केला आहे; त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्र सरकारची. आपल्या जिल्ह्यात तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे ‘आमच्या गावात कोण विचारतंय’ असं म्हणून नकाशा न पाहता उडवणं बरं नव्हे.

उंचीचं समजलं. पण लांबीचं काय? ड्रोन किती लांब गेला की दिसेनासा होतो? एक प्रयोग सांगते. आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांनी तो मोठ्या आवडीने केला, तुम्ही स्वयंपाकघरात करा. राजगिऱ्याचा एक दाणा घ्या आणि काळ्या कागदावर चिकटवून तुमच्यापासून एक मीटरवर ठेवा. दाणा साधारण मिलिमीटरभर असतो. लग्नात उडणारा ड्रोन फूटभर रुंद असतो. तो ३०० मीटरवर गेला की आपल्या डोळ्याला बरोबर त्या दाण्याएवढा दिसतो. आता मला सांगा, त्या दाण्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?

नाही ना सांगता येत? मग ड्रोन उडवणाऱ्यालाही ते कळत नाही. ‘दिसतोय की!’ असं तो म्हणेल, आणि ते खोटं नसेल. ठिपका दिसतच असतो. पण नजरेच्या टप्प्यात असणं म्हणजे ठिपका दिसणं नव्हे. ड्रोनचं तोंड कुणीकडे आहे, तो येतोय की जातोय, वर चढतोय की उतरतोय, हे कळलं पाहिजे. समोर उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यावरचा पदर आपण नीट करतो तेव्हा तिचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो. ड्रोनचंही तसंच. तो पाठमोरा असताना डावीकडे म्हणजे डावीकडेच जातो; तोंड आपल्याकडे केलं की हातातली दांडी डावीकडे ढकलल्यावर तो आपल्या उजवीकडे सरकतो. शिकाऊ मुलं इथेच गोंधळतात आणि यंत्र झाडात घालतात. त्यातून तो सेकंदाला दहा मीटर अगदी सहज जातो. म्हणजे अंगणातून निघून राजगिऱ्याचा दाणा व्हायला त्याला अर्धा मिनिटसुद्धा पुरतो! दूध उतू जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

दुसरी फसगत अंतराची. आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, माड आहेत, आत चिकूच्या गर्द वाड्या आहेत. दूरवरचा ड्रोन माडाच्या शेंड्याजवळ दिसला की तो शेंड्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. पडद्यावरही कळत नाही, कारण कॅमेरा पुढे किंवा खाली बघत असतो आणि ड्रोन बाजूला सरकत असतो. तलासरीकडे टेकड्या आहेत. ड्रोन टेकडीआड गेला की नजर तर तुटतेच, पण हातातल्या यंत्राचा आणि ड्रोनचा संबंधही तुटू शकतो. मग ड्रोन आपला आपण परत फिरतो. ही सोय बहुतेक ड्रोनना असते, पण परत येण्याची उंची आधी ठरवून द्यावी लागते. ती माडापेक्षा कमी ठेवलेली असली, तर तो अगदी आज्ञाधारकपणे माडावर येऊन आदळतो.

संक्रांतीला आपल्या भागात पतंगांची केवढी धमाल असते! गुजरात शेजारी, त्यामुळे गच्च्या भरून जातात. पतंग उडवणारा पोरगा कधी खाली मान घालून उभा राहिलेला पाहिलात? त्याची नजर पतंगावर आणि बोटं मांज्यावर. ड्रोनला मांजा नाही. त्याचा मांजा म्हणजे उडवणाऱ्याची नजरच.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा यंत्राने असं काय आभाळ कोसळणार आहे? तर एक घडलेली गोष्ट ऐका. २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडच्या बाजूला अमेरिकी लष्कराचं एक हेलिकॉप्टर खालून उडत होतं. एका हौशी माणसाने त्याच भागात ड्रोन सोडला होता. ड्रोन त्याच्यापासून अडीच मैलांवर, म्हणजे चार किलोमीटरवर गेला होता. डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तो पडद्यावर विसंबून होता. ड्रोन हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या पात्यावर आदळला. पात्याला खोक पडली, ड्रोनच्या मोटरीचा तुकडा हेलिकॉप्टरमध्ये अडकून बसला. सुदैवाने हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. सगळ्यांत चमत्कारिक बाब पुढेच आहे. त्या माणसाला आपला ड्रोन कशाला धडकला हे कळलंच नव्हतं! पडदा काळा झाला, त्याला वाटलं ड्रोन पाण्यात पडला असेल. चौकशी करणारे अधिकारी त्या तुकड्यावरून माग काढत त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा त्याला खरा प्रकार समजला. प्रत्यक्ष आकाशाकडे पाहत असता, तर चार किलोमीटरवर त्याने ड्रोन नेलाच नसता आणि हेलिकॉप्टरचा आवाजही वेळेत ध्यानात आला असता.

न्यूयॉर्क फार लांब वाटत असेल, तर डहाणूच्या समुद्रावर या. १३ जानेवारी २०१८ हा दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. विद्यार्थ्यांनी भरलेली बोट समुद्रात उलटली, शाळकरी मुली दगावल्या. त्या दिवशी तटरक्षक दलाने बोटींबरोबर विमान आणि दमणची हेलिकॉप्टरंही शोधाला धाडली. त्याच दिवशी तेल कंपनीच्या अधिकाऱ्यांना घेऊन जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं होतं, त्याचाही शोध याच बाजूच्या पाण्यात चालला होता. शोध घेणारं हेलिकॉप्टर खालून उडतं, कारण वरून लाटांत माणूस दिसत नाही. म्हणजे एरवी रिकामं वाटणारं आपलं आकाश एखाद्या दुपारी न सांगता भरून जातं. अशा वेळी किनाऱ्यावर कुणी नवरानवरीचं चित्रण करत असेल आणि त्याची मान पडद्यात असेल, तर? मान वर असली, तर हेलिकॉप्टरचा ठिपका दिसताक्षणी ड्रोन खाली घेता येतो. नजरेचा नियम मुख्यतः यासाठी आहे. ड्रोन जपण्यासाठी नव्हे, त्या आकाशात असलेल्या दुसऱ्या माणसासाठी.

आणि खाली असलेल्या माणसासाठीसुद्धा. इंग्लंडमध्ये २०१५ साली एका दीड वर्षाच्या बाळाचा डोळा ड्रोनच्या फिरत्या पात्याने गेला. उडवणारा परका नव्हता, घरोब्यातलाच होता. ड्रोन उतरवताना झाडाला घासला आणि भिरभिरत बाळाकडे गेला. घरच्याच बागेत, काही पावलांवर. म्हणून लहान मुलं असलेल्या घरात मी म्हणेन की, ड्रोन चढताना आणि उतरताना मुलांना कडेवर घ्यावं किंवा ओसरीत ठेवावं. ‘मामा उडवतोय, बघू दे की’ असं म्हणणाऱ्यांना खुशाल वाईट वाटू दे.

मामावरून आठवलं. दुबई-मस्कतहून येणारे भाऊ आणि दीर भाच्या-पुतण्यांसाठी ड्रोन आणण्याचं कबूल करतात. त्यांना आताच फोन करून थांबवा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करायला आपल्या सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच सूट आहे. विमानतळावर पेटी उघडली गेली तर हौसेला मोल तर गेलंच, वर मनस्ताप. इथेच घ्यायचा तर २५० ग्रॅमपर्यंतचा, म्हणजे नियमांच्या भाषेत ‘नॅनो’ गटातला घ्यावा. पावकिलो साखरेच्या पुडीएवढं वजन. त्याला उडवण्याचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याच्या वर दोन किलोंपर्यंतचा ‘मायक्रो’. तोही निव्वळ हौसेसाठी असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण पैसे घेऊन काम करणाऱ्याला मायक्रोपासून वर प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि किमान दहावी पास ही अट आहे. तेव्हा लग्नाला फोटोवाला ठरवताना जेवणाच्या ताटाचा दर जसा दोनदा विचारता, तसं हेही विचारा: ड्रोन किती वजनाचा? त्याला नोंदणी क्रमांक आहे का? उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का? आणि एक मागणी मी आवर्जून करायला सांगेन. उडवणाऱ्याबरोबर आणखी एक माणूस हवा, ज्याचं काम फक्त वर बघायचं. परदेशात डोळ्यांवर गॉगल चढवून ड्रोन उडवणाऱ्यांना असा जोडीदार लागतोच. आपल्याकडे लग्नात बिनकामाचे इतके भाऊबंद असतात, त्यांतल्या एकाला हे काम द्यायला काय हरकत आहे?

रात्रीच्या वरातीचं मात्र मला पटत नाही. रात्री ड्रोनचा दिवा दिसतो, ड्रोन दिसत नाही; विजेच्या तारा तर कुणालाच दिसत नाहीत. डहाणू रोड, घोलवडच्या बाजूला रेल्वेच्या ओव्हरहेड तारांतून २५,००० व्होल्टचा प्रवाह खेळतो. स्टेशनाजवळच्या हॉलमध्ये कार्य असेल, तर वरून चित्रण नकोच म्हणावं. सासरची मंडळी दोन दिवस नाराज होतील, तिसऱ्या दिवशी विसरतील.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही बाई ड्रोनच्या विरोधात आहे. तसं नाही हं. उलट नजरेच्या टप्प्यात राहून ड्रोन फार उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा घराघरांतून भिंतींना तडे गेले. छपराची कौलं सरकली आहेत का, वरच्या भिंतीला चीर गेली आहे का, हे बघायला घरच्या पुरुषाला शिडीवर चढवण्यापेक्षा अंगणात उभं राहून तीस फुटांवरचा ड्रोन फिरवणं किती सुरक्षित!

शेतीचंही तसंच. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, १५,००० महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये मदत आणि गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं शिक्षण, अशी ती आखणी होती. फवारणी एका वेळी एकाच शेतात, बांधावर उभं राहून होते, त्यामुळे ड्रोन डोळ्यांसमोर राहतो. भातशेतीत हे सोपं; मिरचीच्या मोकळ्या शेतातही जमेल. चिकूच्या वाडीत मात्र झाडांआड नजर अडते, तिथे उभं राहायची जागा फार विचाराने निवडावी लागेल. शेजारी फवारणी असेल त्या दिवशी दोरीवरचे कपडे आणि गच्चीवरचं वाळवण आत घ्या, विहिरीवर झाकण टाका आणि मुलांना घरात ठेवा.

पण मग नजर जिथे पोचूच शकत नाही, तिथे काय? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पुस्तकी नाही. पावसाळ्यात ओढा भरला की पाड्यावरची बाई दवाखान्यापर्यंत पोचत नाही, औषध पाड्यापर्यंत पोचत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या जव्हार तालुक्यात एक प्रयोग झाला. जव्हारहून झाप गावाला करोनाच्या ३०० लसी ड्रोनने पाठवल्या. गाडीने चाळीस मिनिटं लागली असती. ड्रोन नऊ मिनिटांच्या जरा वर पोचला. नऊ मिनिटांच्या त्या वाटेवर डोंगरदऱ्या आहेत. जव्हारला उभं राहून कुणाला तो शेवटपर्यंत दिसणं शक्यच नव्हतं.

मग नियम मोडला का? नाही. नजरेआडच्या उड्डाणाला सरकार स्वतंत्र परवानगी देतं आणि तीही हात राखून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणाने लसी ड्रोनने पोचवायची परवानगी मागितली, तेव्हा आधी नजरेच्या टप्प्यातलीच मिळाली. नजरेपलीकडची त्यानंतर मिळाली, आणि ११ सप्टेंबर २०२१ ला तिथल्या विकाराबादमध्ये औषधं आकाशातून नेण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा उड्डाणात डोळ्याची जागा भरून काढायला बराच खटाटोप लागतो. वाट आधी आखलेली, आकाशावर लक्ष ठेवणाऱ्यांना पूर्वसूचना दिलेली, दोन्ही टोकांना माणसं उभी. एका डोळ्याचं काम करायला एवढी माणसं आणि यंत्रं लागतात! म्हणून जव्हारचं नाव सांगून ‘सरकारच लांब पाठवतं, मग मी बोर्डीहून पाठवला तर काय’ म्हणणाऱ्या पोराचं ऐकू नये. पण आपल्या ग्रामसभेत, पंचायत समितीत बायकांनी हे जरूर विचारावं की झापला जे एकदा झालं, ते तलासरीच्या पाड्यांसाठी पावसाळ्यात, सर्पदंशावरच्या लसीसाठी, रक्ताच्या पिशवीसाठी कधी होणार. एका दिवसाच्या प्रयोगाची बातमी होते. औषध दर आठवड्याला लागतं.

आता शेवटी, जो प्रश्न मला शेजारणी दबक्या आवाजात विचारतात. आपल्या गच्चीवर, न्हाणीच्या खिडकीशी कुणाचा ड्रोन घुटमळायला लागला तर? पहिलं म्हणजे दगड मारू नका. तो खाली कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही, आणि त्याची बॅटरी फुटली तर पेट घेते. आत जा, खिडकी लावा, मोबाईलवर त्याचा फोटो किंवा चित्रण करून ठेवा, वेळ लिहून ठेवा. मग आजूबाजूला बघा. नियमाप्रमाणे उडवणारा असेल तर तो नजरेच्या टप्प्यातच, म्हणजे पुढच्या गल्लीत नाहीतर समोरच्या गच्चीवर सापडेल. त्याच्याकडे एकटीने न जाता घरच्या कुणाला बरोबर घ्या. कुणी दिसलंच नाही, किंवा सांगूनही ऐकलं नाही, तर ११२ ला फोन करा. खासगी क्षणी बाईला चोरून पाहणं वा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, मग तो भिंतीच्या फटीतून केलेला असो की आकाशातून. ठाण्यात तक्रार देताना ड्रोनचा रंग, आवाज, तो कुठल्या दिशेने आला आणि कुठे उतरला, एवढं सांगितलंत तरी पोलिसांना शोधायला धागा मिळतो.